जुना आगीचा बंब विकत घेताना: काय पाहायचं, काय विचारायचं, पंप कसा तपासायचा

विकायला काढलेल्या जुन्या बंबाकडे पाहिलं की नजर आधी लाल रंगावर जाते, मग पितळी घंटेवर, मग शिडीवर. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून जाहिरातीतले फोटो बहुधा पुढूनच काढलेले असतात. पण बंब म्हणजे मुळात चाकांवर बसवलेलं पंपघर. इंजिन, चेसिस, टाकी, बॉडी हे सगळं त्या पंपासाठी जमवलेलं असतं. पंप चालत असेल तर रंग उडालेला बंबही घेण्यासारखा असतो. पंप फुटलेला असेल, तर आरशासारखा चकचकीत बंबही मोठ्या खर्चाचं निमंत्रण असतो. खाली दिलेला क्रम याच विचाराने लावला आहे.

आधी जागा, मग बंब

एक साधा पंपवाला बंब साधारण सात-आठ मीटर लांब भरतो. वर शिडी असेल तर उंची तीन मीटरच्या आसपास जाते. तेव्हा आधी फाटकाची रुंदी, वळणाची जागा, शेडच्या दरवाजाची उंची आणि वाटेत लोंबणाऱ्या तारा मोजून घ्या. जमीन किती भार पेलते हेही पाहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यामुळे ४०० ब्रिटिश गॅलनची टाकी भरली की गाडीवर एकदम १,८०० किलोंहून अधिक भार चढतो.

उघड्यावर ठेवून ताडपत्री टाकू, हा विचार मनातून काढून टाका. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत लाकूड कुजतं, पत्रा गंजतो. छत हवं आणि बाजूंनी वारा खेळता हवा. तसंच एवढ्या वजनाची गाडी तुमच्या परवान्यावर चालवता येते का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.

कोणता बंब घेताय ते ओळखा

बंब ढोबळमानाने दोन घराण्यांचे. एक, ज्यांची चेसिसच बंबासाठी बनली: इंग्लंडचे डेनिस आणि मेरीवेदर, अमेरिकेचे अमेरिकन लाफ्रान्स, सीग्रेव्ह आणि आहरेन्स-फॉक्स. आहरेन्स-फॉक्सच्या नाकावर पिस्टन पंप आणि त्यावर चकाकणारा गोल हवेचा घुमट असायचा, तो एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. दुसरं घराणं बेडफर्ड, फोर्ड, शेव्हरोलेसारख्या नेहमीच्या ट्रकच्या चेसिसवर बांधलेल्या बंबांचं. पहिल्या घराण्याला मान मोठा, पण सुटे भाग मिळवताना दमछाक होते. दुसऱ्याचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांचे भाग त्या ट्रकच्या मालकांकडूनही मिळतात. पहिलाच बंब घेत असाल तर मी निःसंकोच दुसऱ्या घराण्याकडे बोट दाखवीन.

बेडफर्डची ‘ग्रीन गॉडेस’ हे याचं उत्तम उदाहरण. १९५३ ते १९५६ या काळात ब्रिटनमध्ये युद्धकालीन संकटासाठी हे हिरवे बंब मोठ्या संख्येने बांधले गेले. ज्या सहायक अग्निशमन सेवेसाठी ते होते ती १९६८ मध्ये बरखास्त झाली. मग हे बंब वर्षानुवर्षं गोदामात उभे राहिले आणि १९७७ व २००२ मध्ये अग्निशामक जवानांच्या संपाच्या वेळी बाहेर निघाले. एकाच साच्याचे असल्याने त्यांची माहिती आणि भाग अजून सापडतात, आणि मीटरवरचे मैल तर आश्चर्य वाटावं इतके कमी असतात. मात्र उभं राहिलेल्या गाडीचेही रबर, सील आणि होज म्हातारे होतातच.

डेनिस एफ१२ मध्ये रोल्स-रॉइसचं बी८० हे सरळ रांगेतलं आठ सिलिंडरचं इंजिन येतं. त्याच मालिकेतली इंजिनं ब्रिटिश लष्करी गाड्यांतही होती, त्यामुळे ती जाणणारे लोक जुन्या लष्करी वाहनांच्या मंडळांत भेटतात. बंबवाल्यांकडे उत्तर मिळालं नाही तर तिकडे विचारा.

विकणाऱ्याशी पहिलं बोलणं

फोनवर चार गोष्टी विचारा. किती वर्षं तुमच्याकडे आहे? शेवटचा रस्त्यावर कधी गेला? पंपाने शेवटचं पाणी कधी मारलं? आणि का विकताय? खाजगी मालक बहुधा वय झाल्याने, जागा गेल्याने किंवा दुरुस्ती अर्धवट राहिल्याने विकतात. पहिली दोन कारणं ऐकून बरं वाटावं. अर्धवट दुरुस्ती म्हटलं की खोक्यात भरलेले सुटे भाग आले, आणि त्यातला नेमका कोणता भाग हरवलाय हे जुळवायला बसल्यावरच कळतं. असा बंब घ्यायचाच असेल तर प्रत्येक खोकं उघडून यादी करा.

भेटीचा दिवस ठरवताना एक विनंती आवर्जून करा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोहोचल्यावर पहिल्यांदा रेडिएटरला हात लावा. तो गरम लागला तर थंड इंजिन सुरू होताना काय त्रास देतं, हे तुमच्यापासून लपवलं गेलं आहे.

कागद आणि धातूच्या पट्ट्या

चेसिसवर ठोकलेला नंबर आणि नोंदणीच्या कागदावरचा नंबर अक्षरशः एकेक आकडा जुळवा. इंजिनचा नंबर बदललेला असणं बंबांत नवल नाही, पण तो बदल कागदावर हवा. बऱ्याच बंबांत चेसिस एका कंपनीची, बॉडी दुसऱ्या कारखान्याची आणि पंप तिसऱ्याचा असतो, म्हणून पट्ट्याही तीन शोधा. पंपाची पट्टी सहसा पंपाच्या फलकाजवळ असते. त्यावर क्षमता आणि दाब कोरलेला असतो.

तिथे एक घोळ होतो. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा. ‘मिनिटाला ५०० गॅलन’ म्हणजे ब्रिटिश पंपात सुमारे २,२७० लिटर आणि अमेरिकन पंपात सुमारे १,८९० लिटर. पंप कुठे बनला ते पाहून मगच हिशेब मांडा.

अग्निशमन दलाने गाडी निकाली काढल्याचं पत्र, अग्निशमन केंद्राचं जुनं नोंदवहीचं पान, कामावर असतानाचे फोटो हे सगळं बंबाचा भाग समजून मागा. कोणत्या केंद्रावर कोणत्या काळात होता हे सिद्ध करता आलं की बंबाला नाव मिळतं. जुन्या वाहनांची जागतिक संघटना ‘फिव्हा’ ऐतिहासिक वाहन म्हणताना किमान ३० वर्षं वय, मूळ स्वरूपाची जपणूक आणि रोजच्या वापरात नसणं या गोष्टी पाहते. मूळ स्वरूप दाखवायला हेच कागद कामी येतात.

इंजिन: मीटरवर विसंबू नका

बंब आगीपर्यंत चार किलोमीटर जातो आणि तिथे चार तास उभा राहून पंप चालवतो. चाकं फिरत नाहीत, मीटर हलत नाही, इंजिन मात्र पूर्ण जोरात राबत असतं. म्हणून मीटरवरचा कमी आकडा इंजिन ताजं असल्याचा पुरावा ठरत नाही. तास मोजणारा काटा असेल तर तो पाहा, नसेल तर नोंदवही.

थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा तेलाच्या काडीवर दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केट किंवा ब्लॉक गेलेला असू शकतो. ब्लॉकच्या बाजूला वेल्डिंगचे, पितळी डागाचे वण शोधा. पाणी गोठून फुटलेला ब्लॉक असाच सांधलेला असतो. सुरू झाल्यावर पहिल्या मिनिटात निळा धूर किती, तेलाचा दाब किती लवकर चढतो, हे लिहून ठेवा. जुनी पेट्रोल इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर बेतलेली असतात, बिनशिशाच्या पेट्रोलवर त्यांच्या व्हॉल्व्ह सीट झिजू शकतात, त्यामुळे त्या बदलल्या आहेत का ते विचारा. इथेनॉल मिसळलेलं इंधन जुन्या रबरी नळ्या खातं, त्या नळ्या नव्या आहेत का हेही विचारा.

पुष्कळ बंबांत उभ्याने पंप चालवताना इंजिन थंड राहावं म्हणून पंपाच्या पाण्याचा एक फेरा उष्णता-विनिमयकातून (हीट एक्स्चेंजरमधून) नेलेला असतो. त्यातली नळी सडली की पंपाचा दाब थेट रेडिएटरवर येतो. पंप चालू असताना रेडिएटर आपोआप भरून वाहू लागला, तर दोष तिथेच समजा.

पंप: इथे घाई करू नका

दिवसातला निम्मा वेळ इथे घालवा. बहुतेक जुन्या बंबांत सेंट्रिफ्यूगल पंप असतो. तो पाण्याला ढकलतो, पण हवा ओढू शकत नाही. विहिरीतून किंवा तळ्यातून पाणी घ्यायचं तर आधी सक्शन होजमधली (पाणी ओढून घेणाऱ्या नळीतली) हवा काढावी लागते आणि त्यासाठी प्रायमर असतो: कुठे एक्झॉस्टच्या वायूवर चालणारा, कुठे पाण्याच्या कड्याचा, कुठे छोट्या पिस्टनचा. पुष्कळ ‘मेलेले’ पंप खरं तर मेलेले नसतात. प्रायमर निकामी असतो किंवा कुठेतरी हवा शिरत असते.

आधी कोरडी चाचणी. पंप आणि टाकीतलं पाणी सोडून द्या, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. सगळे डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाणी बाहेर सोडणारे) बंद, पण त्यांची टोपणं काढलेली, म्हणजे व्हॉल्व्ह स्वतः गळतो का ते कळेल. सक्शनच्या तोंडाला रबरी वॉशर पाहून झाकण घट्ट बसवा. प्रायमर चालवा आणि काटा २२ इंच पाऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ०.७५ बार निर्वातापर्यंत आणा. प्रायमर थांबवा, इंजिन बंद करा, घड्याळ पाहा. अमेरिकेतल्या रूढ मापानुसार पाच मिनिटांत दहा इंचांपेक्षा जास्त घट होता कामा नये. इंजिन बंद असल्याने शांतता असते, कान लावला की सुस्कारा ऐकू येतो. संशय असेल तिथे साबणाचा दाट फेस लावा. फेस आत ओढला गेला की गळती सापडली. बहुधा ती व्हॉल्व्हच्या सीटमध्ये, काट्याच्या बारीक नळीत किंवा सक्शनच्या वॉशरमध्ये निघते, आणि तिन्ही दुरुस्त्या स्वस्तातल्या आहेत. प्रायमर निर्वात चढवूच शकला नाही तर मात्र प्रायमर उघडायची वेळ आली.

मग ओली चाचणी. उघड्या पाण्यात सक्शन होज टाका, जाळी बुडलेली राहील आणि होज मध्येच उंच चढणार नाही असं पाहा, नाहीतर तिथे हवा अडकते. हवेच्या दाबाने पाणी समुद्रसपाटीला १०.३ मीटरपर्यंत चढू शकतं हे पुस्तकातलं गणित. प्रत्यक्षात साडेसात मीटरला चांगला पंपही थकतो. चाचणीला तीन मीटर पुरे. पाणी आलं की डिलिव्हरी हळूहळू उघडा आणि दाब टप्प्याटप्प्याने सात बारपर्यंत न्या. जुने कॅनव्हासचे होज या कामाला वापरू नका, नवे आणा. कपलिंगच्या, म्हणजे होज जोडणाऱ्या सांध्याच्या, समोर कुणी उभं राहू नये, होजला पाय अडकवून कुणी थांबू नये.

दाब चढत असताना पंपाच्या दांड्याकडे वाकून पाहा. दोरीच्या पॅकिंगचा ग्लँड (दांड्याभोवतीची, नटाने आवळलेली खोबण) असेल तर तिथून पाणी थेंबथेंब पडायलाच हवं. तेच पाणी दांडा थंड ठेवतं. ग्लँड कोरडा ठणठणीत असेल तर कुणीतरी गळती लपवायला नट आवळला आहे, आणि आतला दांडा घासला जातोय. धारच लागली असेल तर पॅकिंग बदलायचं, हे एका दुपारचं काम. मेकॅनिकल सील असलेला पंप मात्र टपकता कामा नये, त्यामुळे आधी कोणता प्रकार आहे ते विचारा. आतून खडी फिरल्यासारखा आवाज आला तर दोन शक्यता: सक्शन अपुरं पडतंय किंवा बेअरिंग गेलं आहे. वेग कमी करून पाहा. आवाज थांबला तर सक्शनकडे बघा, थांबला नाही तर बेअरिंगकडे.

शेवटी पंपाच्या खालच्या अंगावर टॉर्च मारा. पाणी सगळ्यात खाली साठतं आणि तिथेच गोठून धातू फाटतो. पंपाच्या गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून पाहा, पांढरट असेल तर सील गेलं आहे.

मालक पंपाची चाचणी करू देत नसेल, तर वाद घालू नका. पंप बंद आहे असं धरून किंमत सांगा.

टाकी

वरचं झाकण उघडून आत पाहा. गंज किती, तळाला गाळ किती आणि पाणी हिंदकळू नये म्हणून आडवे लावलेले पत्रे जागेवर आहेत का. ते तुटले असतील तर ब्रेक दाबल्यावर टनभर पाणी पुढे आदळतं. अर्धी भरलेली टाकी घेऊन रस्त्यावर जाऊ नये, एकतर काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. टाकीखालच्या चेसिसच्या पट्टीवर बोटाने दाबत जा. वर्षानुवर्षं ठिबकणाऱ्या टाकीने तिथलं लोखंड पातळ केलेलं असू शकतं.

बॉडी, शिडी, लाकूड

जुन्या बॉडीचा सांगाडा पुष्कळदा ॲश लाकडाचा आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. लाकूड आतून कुजलं तरी पत्रा छान दिसतो. दार अर्धं उघडून बाहेरच्या टोकाला धरून उचला. बिजागरीचा खांबच हलला तर लाकूड गेलं. लोखंडी पत्र्यावर पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पुटीचा जाड थर आहे. लोखंडी स्क्रू आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात तिथे पांढरी भुकटी आणि रंगाचे फोड दिसतील. लॉकरची तळं जरूर पाहा, ओले होज वर्षानुवर्षं तिथेच ठेवले गेले.

काही बंबांवर अग्निशामक बाहेरच्या बाजूला पाठीला पाठ लावून बसायचे. एडिनबरा आणि लंडनच्या दलांचे प्रमुख राहिलेले, १८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या आगीत मरण पावलेले जेम्स ब्रेडवुड यांचंच नाव त्या बॉडीला आहे. अशा बाकांचं मूळ लाकूड आणि पितळी कठडे शाबूत असतील तर त्यांना हात न लावणं उत्तम.

रंगाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: जुना रंग टिकला असेल तर नव्याने रंगवू नका. नंतरच्या थराखाली मूळ सोनेरी वर्खाची अक्षरं सापडतात आणि घाईने घासलेला पत्रा ती कायमची घालवतो.

लाकडी शिडीवर तपासणीशिवाय कुणीही चढू नये. फिरत्या चबुतऱ्यावरची लांब शिडी असेल तर तिच्या तारदोऱ्या, हायड्रॉलिक सिलिंडर आणि लॉक हे जाणकाराकडूनच तपासून घ्या.

ब्रेक, टायर, वीज

बंबांचे टायर झिजून जात नाहीत, वाळून जातात. नक्षी नव्यासारखी असते आणि बाजूच्या भिंतीला बारीक चिरा. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर त्याआधीचा, तो बदला. अनेक भागांत जोडलेली रिम असेल तर टायरवाल्याला आधी सांगा. अशी रिम हवा भरताना सुटली तर माणूस दगावतो, ती लोखंडी पिंजऱ्यातच भरली जाते.

ब्रेकच्या रबरी नळ्या जुन्या असतील तर त्या बदलूनच गाडी हलवा. वायरिंग कापडाच्या वेष्टनाचं असेल तर फ्यूज नसलेल्या तारांमुळे आग लागण्याचा धोका खरा आहे. ब्रिटिश गाड्यांत धन टोक चेसिसला जोडलेलं असू शकतं, बॅटरी लावण्याआधी खात्री करा.

विषारी गोष्टी

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये, क्लचमध्ये, एक्झॉस्टच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नका. गाडीबरोबर मिळणाऱ्या छोट्या पितळी अग्निशामक बाटल्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असतं, ते तापलं की फॉस्जीन तयार होतं. बाटली शोभेची म्हणून कपाटात ठेवण्याआधी ती धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडून रिकामी करून घ्या. फोमच्या टाकीत जुना फोम उरला असेल तर त्यात पीफास (निसर्गात सहज न विघटणारी) रसायनं असण्याची शक्यता मोठी, तो नाल्यात सोडू नका.

सौदा आणि घरी आणणं

कोणत्या वस्तू गाडीबरोबर येणार याची लेखी यादी करा. घंटा, शिडी, सक्शन होज, ब्रँच (पाणी मारायची तोटी), चाव्या, स्टॅंडपाइप (हायड्रंटला लावायचा उभा पाइप) अशी प्रत्येक वस्तू नावाने. घंटा सौद्यानंतर गायब होते असा अनुभव पुष्कळांचा आहे. कपलिंगचा प्रकारही लिहून घ्या, कारण स्टॉर्झ, ब्रिटिश इन्स्टंटेनियस आणि अमेरिकन आट्यांचे होज एकमेकांना बसत नाहीत.

पहिला प्रवास ट्रेलरवरूनच करा. टाकी आणि पंप रिकामे करा, शिडी आणि लॉकर बांधून घ्या, आणि गाडी ट्रेलरवर चढल्यावर जमिनीपासूनची उंची मोजून चालकाच्या हातात लिहून द्या. निळे दिवे आणि सायरन खाजगी गाडीवर चालवायला बहुतेक देशांत बंदी आहे, म्हणून रस्त्यावर असताना दिवे झाका आणि सायरनची तार सोडवून ठेवा. विमा उतरल्याशिवाय ट्रेलरही हलवू नका.

शेडमध्ये आल्यावर महिन्यातून एकदा स्वच्छ पाण्यावर पंप चालवा, काही मिनिटं पुरतात. कोरडा पंप फिरवू नका. काम झाल्यावर सगळे तळाचे नळ उघडा, प्रायमर एकदा चालवून उरलेलं पाणी बाहेर काढा, थंड प्रदेशात ते नळ उघडेच ठेवा आणि ‘पंप रिकामा, नळ उघडे’ अशी पाटी स्टिअरिंगला बांधा.